गाडीमागचं घर: फ्रेम ॲल्युमिनियमची म्हणजे नक्की कुठली?

गेल्या अंकात इथे ओढायच्या घरांबद्दल, म्हणजे गाडीच्या मागे हुक लावून न्यायच्या ट्रेलरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हणून गेलो की कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. चूकच झाली ती. एवढी पत्रं आली की निवडतानाच दोन संध्याकाळी गेल्या. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे सगळ्यालाच कॅराव्हॅन म्हणतात, पण ज्याला स्वतःचं इंजिन असतं ती मोटर कॅराव्हॅन, आणि जे दुसऱ्या गाडीने ओढायचं ते ट्रेलर, आज सगळं बोलणं या दुसऱ्याचं आहे.

नमस्कार भाई, आमचं कुंडईला ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पार्टिशन वगैरे करायचं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. अमेरिकेतल्या नव्या ट्रेलर मॉडेलचे कॅटलॉग बघितले तर जिथे तिथे ॲल्युमिनियम फ्रेम, ॲल्युमिनियम फ्रेम. आम्हाला वाटलं सेक्शन तर आपल्याच घरात पडलेत, मग खालच्या चेसीपासून वरपर्यंत सगळंच ॲल्युमिनियमचं केलं तर हलकं पण होईल आणि गोव्याच्या हवेत गंजणार पण नाही. करावं का? — एक वाचक, फोंडा

करा, पण सगळं नको. आधी हे बघा की त्या कॅटलॉगमध्ये ज्याला फ्रेम म्हणतात ती कुठली फ्रेम. ट्रेलरला दोन सांगाडे असतात. एक खालचा, ज्याला चाकं, ॲक्सल आणि हुक लागतो, ती चेसी. दुसरा वरचा, भिंती आणि छपराच्या आतला. तिकडे ॲल्युमिनियम फ्रेम लिहितात तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा ते भिंतीच्या आतल्या चौकटीबद्दल बोलत असतात, खालची चेसी स्टीलचीच असते, आणि ती पण बऱ्याच कंपन्या स्वतः करत नाहीत, इंडियानातल्या एल्कार्टच्या आसपास लिपर्टसारखे मोठे पुरवठादार आहेत त्यांच्याकडून तयार घेतात. अगदी एअरस्ट्रीम, जी १९३६ च्या क्लिपर मॉडेलपासून रिव्हेट मारलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमसाठी जगभर ओळखली जाते, तिच्या पण पोटाखाली स्टीलच आहे. म्हणजे नव्वद वर्षं ॲल्युमिनियममध्ये काढलेल्या लोकांनी पण खाली हात लावला नाही, हे आधी डोक्यात ठेवा.

का नाही लावला ते तुमच्याच सेक्शनवर दाखवतो, कागद-पेन घ्या. स्टीलची १०० बाय ५० ची ३ मिमी जाड चौकोनी ट्यूब मीटरला साधारण पावणेसात किलो भरते. तीच ट्यूब ॲल्युमिनियमची घेतली तर सव्वादोन किलोच्या थोडी वर. बघून कोणालाही मोह होईल. पण ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास तिप्पट लवतं, तेवढ्याच मापाला तेवढंच वजन टाकलं तर स्टील १ सेंटीमीटर लवेल तिथे हे ३ सेंटीमीटर लवणार. ताकद कमी म्हणून नाही, धातूचा स्वभावच तो, आणि भारीतलं भारी अलॉय आणलं तरी त्यात काडीचा फरक पडत नाही. मग तेवढाच ताठपणा हवा तर माप वाढवावं लागतं, १५० बाय ५० आणि ४ मिमी घेतलं की हिशेब जुळतो, थोडा जास्तच जुळतो, पण त्याचं वजन झालं मीटरला ४ किलो १५० ग्रॅम. छोट्या ट्रेलरच्या चेसीला आडवे-उभे मिळून धरा २५ मीटर. स्टीलची झाली १७० किलो, ॲल्युमिनियमची १०४. वाचले ६६ किलो.

म्हणजे एक माणूस, तो पण बारीक.

आता त्याच ट्रेलरमध्ये आपला सुतार काय करतो बघा. कपाटं, बेड, ओटा सगळं १८ मिमीच्या प्लायमध्ये, कारण घरात तेच लावतात. ८ बाय ४ चा एक शीट ३० किलोच्या वर जातो, दहा शीट लागले तर ३०० किलो तिथेच गेले. ते तुम्ही ९ किंवा १२ मिमीमध्ये करून कडेला तुमच्याच सेक्शनच्या पट्ट्या मारल्या तर शंभर किलो सहज सुटतात आणि खर्च उलट कमी होतो. पाण्याची टाकी १०० लिटरची भरून निघायचं की अर्धी भरून, यात ५० किलो आहेत. थोडक्यात जो जास्त खातो त्याचं पान आधी बघा, चेसीला उपाशी ठेवून काय मिळणार.

दुसरी गोष्ट वेल्डिंग, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात लोक फसलेले बघितलेत. तुम्ही वापरता ते खिडकीचं सेक्शन बहुतेक ६०६३ नंबरच्या अलॉयचं, चेसीसाठी कोणी सांगेल ६०६१ घ्या, दोन्ही उष्णता देऊन कडक केलेली असतात. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्ट्यात तो कडकपणा उतरतो, ताकद जवळपास निम्म्यावर येते. वरून वेल्ड सुंदर दिसतं, नाणी रचल्यासारखं, आणि तुटतं ते वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या शेजारी. त्यात ॲल्युमिनियमला थकवा विसरता येत नाही. स्टीलला एका मर्यादेखालचे झटके कितीही बसले तरी ते जसंच्या तसं राहतं, ॲल्युमिनियम मात्र प्रत्येक झटका लिहून ठेवतं, छोटा असला तरी, आणि एक दिवस हिशेब मागतं. आणि झटक्यांच्या बाबतीत आपण श्रीमंत, जुलैमधला कुठलाही रस्ता घ्या.

माझा स्वतःचाच किस्सा सांगतो. खूप वर्षांपूर्वी बेतुलला एकाला होडी न्यायची ट्रॉली करून दिली होती, हौसेने सगळी ॲल्युमिनियमची केली, बोल्ट मात्र घरात होते ते साधे लोखंडी लावले. दुसऱ्या पावसानंतर तो घेऊन आला. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी पावडर, पिठासारखी, नखाने खरवडली तर खालून ॲल्युमिनियमच निघतं, आणि भोक ज्यात १२ चा बोल्ट घट्ट बसला होता ते लंबगोल झालेलं. खारट ओलावा आणि दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते, त्यात खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेसचे बोल्ट लावले तरी हे सुटत नाही हे लक्षात घ्या, मध्ये नायलॉनचा वॉशर, बुश, सिलंट काहीतरी पाहिजेच. तुम्ही म्हणता गंजणार नाही, ते एकट्या ॲल्युमिनियमला लागू आहे, आणि ट्रेलरमध्ये ते कधी एकटं नसतं, ॲक्सल स्टीलचा, स्प्रिंग स्टीलची, हुक स्टीलचा.

तेव्हा माझं मत विचाराल तर खाली स्टील, वेल्डिंग पूर्ण झाल्यावर अख्खी चेसी झिंकच्या टाकीत बुडवून काढलेली, ब्रशने मारतात ते सिल्व्हर नाही. ट्यूबला आधी भोकं ठेवा, बंद ट्यूब गरम झिंकमध्ये फुटते, तिथले लोकच सांगतील. भिंती आणि छप्पर खुशाल तुमच्या ॲल्युमिनियमचं करा, तिथे ते खरंच शोभतं. लाकडाच्या चौकटीचे ट्रेलर अमेरिकेत अजून ढीगभर निघतात, स्वस्त पडतात म्हणून, पण आपल्याकडे वाळवी आणि चार महिन्यांचा पाऊस, ते नाव पण काढू नका. तिकडे आणखी एक पद्धत आहे, ॲल्युमिनियमची चौकट, मध्ये थर्माकोलसारखा फोम, दोन्ही बाजूंनी पातळ शीट, आणि सगळं व्हॅक्यूममध्ये दाबून चिकटवलेलं. हलकी आणि ताठ भिंत होते, पण खिडकीच्या कडेने एकदा पाणी आत गेलं की शीट सुटून फुगायला लागते, टकटक केलं की पोकळ वाजतं. खिडकीची कड पाणी न गळता बसवणं, हे तर भाऊ तुमचं रोजचं काम, निम्मी लढाई तिथेच जिंकलात.

आमचा रस-ऑम्लेटचा गाडा आहे, आधी लाकडी होता, गेल्या वर्षी सेकंडहँड ॲल्युमिनियम पत्र्याचा छोटा ट्रेलर घेतला. पाऊस सुरू झाल्यापासून पाय ओले असले आणि बाहेरून पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, गिऱ्हाईकाला पण एकदा आल्या. नवरा म्हणतो ॲल्युमिनियममध्ये असतंच असं. — एक वाचक, काणकोण

ताई, असं काही नसतं, आणि हे उद्यावर टाकू नका. आज संध्याकाळी गाडा लावण्याआधी लाईनीचं कनेक्शन काढा आणि तपासल्याशिवाय परत लावू नका.

होतंय काय की फ्रिज नाहीतर मिक्सर, कशातून तरी थोडा करंट पत्र्यावर येतोय, आणि ट्रेलर रबराच्या टायरवर उभा असल्यामुळे त्याला जमिनीत जायला वाट नाही, मग जो ओल्या पायाने हात लावेल तोच त्याची वाट. वायरमनला बोलावून तीन गोष्टी करून घ्या, पत्र्याला आणि चेसीला जोडलेली नीट अर्थिंगची वायर आणि जमिनीत रॉड, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच), आणि शेजारच्या घरातून जी दोन तारांची वायर ओढली असेल (ओढलीच असेल, मला माहीत आहे) ती फेकून तीन तारांची. आरसीसीबी लावल्यावर सारखी पडायला लागली तर ती खराब नाही, ती तुम्हाला सांगतेय की अमुक वस्तू खराब आहे, एकेक प्लग काढून बघा. नवऱ्याला सांगा लाकडी गाड्याला पण हेच झालं असतं, लाकडाने फक्त लपवलं.

मी मडगावचा, बँकेतून व्हीआरएस घेतलेली. अमेरिकेत कोरोनानंतर या ट्रेलरचा धंदा जबरदस्त वाढला असं वाचलं. आपल्याकडे टुरिझम आहेच, तर असे ट्रेलर बनवून विकायला किंवा भाड्याने द्यायला गोव्यात किती वाव आहे? नवीन मॉडेलला मार्केट मिळेल का? — एक वाचक, मडगाव

साहेब, तुम्ही बँकेत होता म्हणजे आकड्यांना घाबरणार नाही, तर आधी अमेरिकेचेच घ्या. तिथल्या आरव्ही, म्हणजे राहायच्या गाड्या आणि ट्रेलर बनवणाऱ्या, कंपन्यांनी २०२१ साली सहा लाखांच्या वर गाड्या डीलरकडे पाठवल्या, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. त्यातल्या बहुतेक ओढायच्याच, म्हणजे ट्रेलर. २०२३ ला तोच आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. दोन वर्षांत जवळपास निम्मा. २०२४ ला थोडा सावरला, ३ लाख ३३ हजारांपर्यंत, पण ते दिवस काही परत आले नाहीत. लोक घरात अडकले होते, हॉटेलात जायची भीती, कर्ज स्वस्त, म्हणून उड्या पडल्या. मग व्याज वाढलं आणि ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेऊन झालं होतं, त्यात ही वस्तू रोज लागणारी नाही, एकदा घेतली की दहा वर्षं दारात. वर २०२५ मध्ये तिकडे आयात ॲल्युमिनियम आणि स्टीलवरचा कर ५० टक्क्यांवर नेला, म्हणजे कच्चा माल पण महाग. तुम्ही वाचलंत ती वाढ खरी, पण ती बातमी जुनी.

आपल्याला हे नवीन आहे का? मायनिंगचे दिवस आठवा. चीनला खनिजाची माती जात होती तेव्हा डिचोली, सांगे, सत्तरीत ज्याच्या त्याच्या दारात टिपर, एकावर दोन, दोनावर चार, सगळे कर्जावर, माझ्या वर्कशॉपला बॉडी बांधायला तेव्हा तीन-तीन महिने नंबर. २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि तेच टिपर कुंपणाला लावलेले, टायरमधून गवत वर आलेलं. पुन्हा थोडं सुरू झालं तर २०१८ ला ८८ लीज रद्द. मी तेव्हा बॉडी बांधून दिलेल्या काही मालकांचे पैसे अजून यायचे आहेत, आता मागत पण नाही, भेटले की चहा पाजतात. तेजीत माल बनवणाऱ्याने विचारायचा प्रश्न हा की विकत कोण घेतंय, वापरणारा की दुसऱ्याला देऊन कमावणारा. वापरणारा घेत असेल तर धंदा टिकतो.

आता गोव्याचं. विकायचं म्हणाल तर गोंयकाराने ट्रेलर घ्यायचा कशाला, पेडण्याहून निघालेला माणूस जेवायच्या वेळेपर्यंत काणकोणला पोचतो आणि रात्री आपल्या गादीवर परत. गिऱ्हाईक पुणे, मुंबई, बेळगाव, हुबळी, बंगळुरूचं. आणि ते घाट उतरून येणार. चोर्लाचा रस्ता बघा, किंवा अनमोडचा, ट्रकच्या मागे ट्रक, त्यात मागे आठशे किलोचा ट्रेलर लावून पहिल्यांदाच चालवणारा माणूस. तो एकदा रिव्हर्स घेताना ट्रेलर उलट्या दिशेला वळतो हे बघेल आणि दुसऱ्यांदा भाड्याने घेणार नाही. म्हणून मला भाड्याच्या धंद्यात ओढून न्यायच्या ट्रेलरपेक्षा जागेवर नेऊन लावून दिलेल्या ट्रेलरमध्ये जास्त दम दिसतो, म्हणजे तुम्हीच नेऊन उभा करायचा, गिऱ्हाईक त्याच्या गाडीने येणार, राहणार, जाणार. पण मग तो ट्रेलर राहतो कुठे, चाकं असलेली खोलीच झाली ती, आणि खोलीचे सगळे नियम मागून येतात.

हिशेब समजा असा करू. १० लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण पावणेबावीस हजार, वर्षाचे २ लाख ६१ हजार. पावसाचे चार महिने सोडा, उरलेल्यात ९० रात्री गेल्या आणि रात्रीचे ४ हजार मिळाले तर ३ लाख ६०. खाली उरले ९९ हजार, त्यात इन्शुरन्स, साफसफाई, चादरी, जागेचं भाडं, ओढायच्या गाडीचं डिझेल, आणि कोणीतरी दर सीझनला एक दार मोडणार ते दार. एका ट्रेलरवर पोट भरत नाही, आणि चार घ्यायचे तर चार ठेवायला जागा.

बनवून विकायचं असेल तर मला वेगळंच वाटतं. राहायचा ट्रेलर सोडा सुरुवातीला. खाण्याचे गाडे, लग्नाच्या हॉलवाल्यांना टॉयलेट ट्रेलर, साईटवर इंजिनिअरला बसायची केबिन, होड्यांच्या ट्रॉल्या, याला आज गिऱ्हाईक आहे आणि ते रोज वापरणारं आहे. सांगाडा तोच, हात तोच बसतो. बॉडी बांधायची कला आपल्याकडे नाही असं पण नाही, सत्तरीत भुईंपालला १९८० च्या दशकापासून बसच्या बॉड्या बांधल्या जातायत, वास्कोला जहाजं होतात, ॲल्युमिनियम वेल्डिंग येणारा माणूस गोव्यात शोधला तर मिळतो, फक्त तो बाहेरगावी जायच्या आत पकडायला हवा.

धोरणाचं विचाराल तर महाराष्ट्राने आणि केरळने दोघांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळात वागमोनला कॅराव्हॅन पार्क पण उभा राहिला. त्यात भर मात्र इंजिनवाल्या कॅराव्हॅनवर आहे. मी तुमच्या जागी असतो तर एका सीझनपुरता एक ट्रेलर कोणाचा तरी भाड्याने घेऊन चालवून बघितला असता, व्हीआरएसचे पैसे एफडीत ठेवून.

घरीच छोटा ट्रेलर वेल्ड करून गाडीला लावला तर चालतं का? मित्र म्हणतो इंजिन नाही तर पासिंग कशाला. — एक वाचक, म्हापसा

मित्राला सांगा, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यातच ट्रेलर धरलाय, इंजिन असो नसो. म्हणजे त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन, स्वतःची नंबर प्लेट, इन्शुरन्स. आणि आरटीओ तुमचं वेल्डिंग बघून पासिंग करत नाही, बनवणाऱ्याकडे त्या मॉडेलची टाइप अप्रूव्हल, म्हणजे अख्ख्या मॉडेलला मिळालेली मंजुरी, लागते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतून टेस्ट होऊन येते ती. एकट्या हौशी माणसाने तो खर्च करण्यात अर्थ नाही, अप्रूव्हल असलेल्या बनवणाऱ्याकडून चेसी घ्या. कुंडईच्या भावांना पण हेच लागू, त्यांनी हे पहिल्या दिवशी खर्चात धरावं.

आणि हुक लावण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा किती ओढू शकते. दोन आकडे असतात, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक, नसतील तर दुसरा, तो बराच कमी. काही गाड्यांना ओढायची परवानगीच नसते, तरी बाजारात हुक मिळतो, लावणारा विचारत नाही. भरताना जड सामान ॲक्सलच्या थोडं पुढे येऊ द्या, अमेरिकेत एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर ठेवतात, युरोपात त्याहून कमी. सगळं मागे भरलं तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की ब्रेक मारून थांबत नाही, ॲक्सिलेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं. रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते कायद्याने, पण आमच्या वाड्यावरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लॅटराईटच्या दगडाची कुंपणं आहेत, तुमच्याकडे पण असतील, दोन मीटरच्या आत ठेवा.

पेडण्याला मोपा विमानतळाच्या बाजूला आमची वडिलोपार्जित दोन हजार मीटर जागा आहे, अर्धी भातशेती अर्धी भरड (भात न होणारी वरची जमीन). ट्रेलर लावायला पार्क केला तर? चाकं आहेत म्हणजे बांधकाम नाही ना? — एक वाचक, पेडणे

हा चाकांचा मुद्दा माझ्याकडे आलेल्या पत्रांत पाच जणांनी काढलाय. चाकं ट्रेलरला आहेत हो, पण सेप्टिक टँकला आहेत का, बाथरूमला, विजेच्या मीटरला, रस्त्याला? जमीन बिगरशेती वापरायची तर सनद, म्हणजे वापर बदलायची सरकारी परवानगी, लागणारच, आणि भातशेतीचा तुकडा यातून बाजूलाच ठेवा, २०२३ च्या कायद्याने तर तो शेतकरी नसलेल्याला विकता पण येत नाही. भरड भागाचं झोनिंग आधी काढून बघा, वकील नंतर. मोपा २०२३ च्या जानेवारीपासून सुरू आहे, पण विमानाने आलेला माणूस ट्रेलर घेऊन येत नाही हे पण बघा, त्याला तुमचा उभा ट्रेलर हवा असेल तर टॅक्सीचं काय ते तुम्हीच बघणार.

आणि किनाऱ्याला लागून असा पार्क करायचं कोणाच्या मनात असेल तर तिथे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आहे. पूर्वी युरोपातून इराण, अफगाणिस्तानमार्गे गाड्या घेऊन लोक हणजूण, हरमलला येऊन माडाखाली महिनोनमहिने राहायचे, भाटकार, म्हणजे जमीनमालक, पण हसून बघायचे, तो काळ गेला. आता पर्यटन स्थळी उघड्यावर चूल मांडली तर दंड होतो, २०१९ मध्ये तो एकट्याला २ हजार आणि ग्रुपला १० हजार ठेवला होता.

आमच्या आगोंदच्या ट्रेलरला (इंपोर्टेड डिझाइन, ॲल्युमिनियम चौकट, पातळ फायबर शीट) एसी लावला की रात्री बाहेरून घाम येतो. पट्ट्या-पट्ट्यांनी येतो, क्ष-किरणात बरगड्या दिसाव्यात तशा. बनवणारा म्हणतो पाऊस झिरपतोय. पण एप्रिलमध्ये पण येतो. — एक डॉक्टर वाचक, मडगाव

डॉक्टर, निदान तुम्हीच केलंय, बरगड्याच आहेत त्या. आपल्याकडे रात्री ३० डिग्री आणि हवेत ८५ टक्के दमटपणा असेल तर २७ च्या आसपास थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. तुम्ही आत एसी २२ ला लावता, मध्ये फोम आहे तिथे बाहेरची शीट गरमच राहते, पण जिथे ॲल्युमिनियमची पट्टी आतून बाहेरपर्यंत टेकलीय तिथून थंडी सरळ बाहेर पोचते, लाकडापेक्षा हजारपट वेगाने पळते ती या धातूतून. म्हणून बरोबर चौकटीच्या रेषेत पाणी, गार बियरच्या ग्लासला येतं तसं.

ही डिझाइन ज्यांनी केली त्यांची काळजी उलटी असते. तिकडे हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत हीटर, दव आत धरतं, म्हणून वाफ अडवणारा थर ते आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे दमट हवा बाहेर, तोच थर आत असला तर बाहेरून शिरलेली वाफ भिंतीच्या पोटात जाऊन त्या थरावर थांबते आणि तिथेच पाणी होतं. बाहेरचा घाम पुसता येतो, हा आतला नाही. एक करून बघा, आतलं एखादं स्विचबोर्ड उघडून भिंतीत बोट घाला, ओलसर लागलं किंवा कुबट वास आला तर खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं करून घ्यावी लागतील.

तोपर्यंत एसी २६ वर आणि पंखा, निघताना दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या. नवीन करून घेणार असाल तर चौकट आणि बाहेरची शीट यांच्या मध्ये ५-६ मिमी फोमची पट्टी मागा, मीटरला काही रुपयांची गोष्ट आहे, बनवणारे विसरतात कारण ट्रेलर विकताना एसी चालू नसतो.

मी बारावीत आहे. इलेक्ट्रिक गाडीने ट्रेलर ओढता येईल का? — एक वाचक, वाळपई

बाळा, ओढायला जोर भरपूर असतो, मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकद देते. पण उंच चौकोनी ट्रेलर हवेला अडतो आणि रेंज निम्म्यावर येऊ शकते, म्हणून तिकडे लाईटशिपसारख्या नव्या कंपन्या ट्रेलरलाच बॅटरी आणि मोटर लावतायत, म्हणजे तो स्वतःला ढकलतो. आपल्याकडे बाबांच्या गाडीचं मॅन्युअल आधी बघ, ओढायची परवानगी आहे का ते. नसेल तर चोर्लाला चढताना मला फोन करायचा नाही.